न उचललेले तीनशे चौतीस

दुपारी पावणेतीनला माझ्या स्क्रीनवरचा एक ठिपका जागचा उठला आणि सरकत सरकत माझ्या घराशेजारी येऊन बसला. घर म्हणजे काय, मी राहते त्या भागाचं टेलिफोन एक्स्चेंज. तेही नकाशात एक ठिपकाच. असे चारशे अकरा आहेत. ठिपके हलतात यात नवल नाही, ते हलावेत म्हणूनच मी सहा वर्षं डोळ्यांची वाट लावून घेतली आहे. पण हा हलायला नको होता. हा अगदी कडेचा, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली पडून असलेला, ज्याच्याकडे मी मुद्दाम बघत नसे तो. तो उठला, मधल्या गर्दीतून कुणाला धक्का न लावता वाट काढत आला आणि थांबला. मी हातातला चहा टेबलावर ठेवायला गेले तो कीबोर्डवर ठेवला, आणि व्हायचं ते झालं. पलीकडच्या टेबलावरून मास्तर म्हणाले, आधी वायर काढा, मग पुसा. मास्तर म्हणजे आमच्या खात्याचा डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ. शाळेत कधी शिकवलं नाही, पण बोलणं तसं, म्हणून मास्तर. मी वायर काढली, पुसलं, आणि पुसता पुसता स्वतःला सांगत राहिले की काही नाही, आकड्यांची गडबड असेल.

लोकांना वाटतं नकाशा म्हणजे कुठून कुठे किती मैल. माझ्या नकाशात मैल नाहीत. टेलिफोन कंपनीच्या नियोजन खात्यात मैलांचं कुणाला काही पडलेलं नसतं. कोण कुणाशी किती बोलतं एवढंच बघायचं, आणि त्यावरून तारा कुठे टाकायच्या, कुठल्या उपटायच्या ते ठरवायचं. जी दोन एक्स्चेंजं एकमेकांशी फार बोलतात ती माझ्या नकाशात एकमेकांना ओढतात, जवळ येतात. ज्यांचं कुणाशी फारसं नाही ती ढकलली जाऊन कडेला पडतात. महिन्याला काही कोटी फोन, प्रत्येकाची डेटाबेसमध्ये एक ओळ, आणि ते सगळं मी चित्रात उतरवते, कारण आमचे साहेब आकडे वाचत नाहीत, चित्र बघतात. पहिल्यांदा मी सगळंच दाखवलं होतं. सगळ्यांच्या सगळ्यांशी रेघा. स्क्रीनवर नुसता काळा गोळा. साहेब म्हणाले, हे काय, शाईची दौत लवंडली का? सगळे हसले, मीही हसले, आणि घरी जाऊन रडले. मग मी चाळणी केली. अमुक आकड्याच्या खालची रेघ दाखवायचीच नाही, विषय संपला. खालची पट्टी उजवीकडे सरकवली की बारीक रेघा गळतात, आणखी सरकवली की आणखी गळतात, आणि मागे उरतं ते इतकं स्वच्छ, इतकं देखणं असतं की साहेब ते पहिल्यांदा बघून खुर्चीतून उठले होते. तेव्हा माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू. गळलेल्या रेघांच्या टोकांना माणसं असतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सगळं दाखवलं तर काहीच दिसत नाही, हे वाक्य मी सहा वर्षांत शंभरदा म्हटलं आहे, आणि ते खरं आहे.

या खेपेला चाळीस लहान एक्स्चेंजं बंद करायची होती. महिन्याला हजाराच्या आत फोन असतील ते बंद, इतका साधा नियम. यादी होत आली होती आणि मास्तरांना ऐन वेळी खुमखुमी आली. म्हणाले, आपल्याकडे फक्त उचललेले फोन येतात. बोलणं झालं तरच ओळ तयार होते. वाजून वाजून बंद झालेले फोन कुठे जातात? ते त्या त्या एक्स्चेंजमध्ये नुसते नंबरवार मोजून ठेवलेले असतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण तोही कुणीतरी केलेला फोनच ना? मी म्हटलं, असेल, पण यादी उद्या सकाळी द्यायची आहे. ते म्हणाले, अर्धा तास लागेल. लागले दोन, आणि पावणेतीनला त्यांनी ते आकडे माझ्या नकाशात सोडले. तेव्हा तो ठिपका उठला. तो खाणीच्या वसाहतीचा होता. दगडाची खाण, ती बंद पडून बारा वर्षं झाली, खड्डा उरला आणि खड्ड्याच्या पोटात पायरी-पायरीने बांधलेली साठ-सत्तर घरं उरली, आणि त्यांत म्हातारी माणसं, निम्म्यांच्या छातीत दगडाची भुकटी बसलेली. चारी बाजूंनी कातळ, त्यामुळे तिथे मोबाइल लागत नाही. तारेचा जुना फोन आहे तेवढाच आधार, मग मुलांशी बोलायचं असो की कुणाचा श्वास अडकल्यावर गाडी बोलवायची असो. उचललेले फोन साडेतीनशे. न उचललेले आठशे चौसष्ट. बेरीज बाराशे चौदा. म्हणजे वसाहत वाचली. मास्तर खूश. म्हणाले, बघा, म्हातारे लावतात आणि मुलं उचलत नाहीत, आणि आपण म्हणतो तिथे कुणी बोलतच नाही. मी ओला कीबोर्ड उलटा धरून झटकत होते.

आता आणखी एक नियम आहे, आणि तो मास्तर ते आकडे जमवत होते त्या दोन तासांत मीच घालून दिलेला. एकाच नंबरावरून एकाच नंबराला महिन्यात तीनशेच्या वर फोन गेले आणि एकही उचलला गेला नाही, तर तिथे माणूस नसून यंत्र आहे असा संशय घ्यायचा. चोराची घंटा अडकते, कुठल्यातरी पंपाचं इशारा देणारं डबडं बिघडतं, आणि ते बिचारं दिवसरात्र एकच नंबर लावत बसतं. यंत्राचे फोन बेरजेत धरायचे नाहीत. अशी रेघ नकाशात आपोआप लाल होते, मग मी तिथे फोन लावून खात्री करून घ्यायची आणि दोन चौकटींपैकी एकीत खूण करायची: यंत्र किंवा माणूस. खाणीच्या वसाहतीकडून माझ्या भागाकडे एक लाल रेघ आली होती, बोटाएवढी जाड. मी तिच्यावर क्लिक केलं आणि दोन नंबर उघडले. वरचा आईचा, खालचा माझा, मोबाइलचा, जो आमच्या हिशेबात मी राहते त्या भागातच धरतात. तीनशे चौतीस. बाराशे चौदातून वजा केले तर उरतात आठशे ऐंशी. ही वजाबाकी मी मनात केली, मग कागदावर केली, मग मशीनवर केली. साठ-सत्तर घरांचा फोन माझ्या आईच्या एका बोटावर उभा होता आणि ते बोट मीच मोजत होते.

मी आईचे फोन उचलत नाही, याला चार महिने झाले. आधीही फारसे उचलत नव्हते, पण चार महिन्यांपूर्वी माझं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मीच मूर्खासारखा तिला फोन लावला. का लावला कोण जाणे. भूल उतरत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची आई भरवत होती, तेवढंच कारण असेल. मी सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, नाहीतरी वापरात नव्हतंच. मग तिने विचारलं, तिकडे पाणी कितीला येतं. मी फोन ठेवला. त्यानंतर तिचं नाव स्क्रीनवर आलं की माझ्या टाक्यांच्या जागी ओढ बसायची, टाके सुटल्यावरसुद्धा. आंघोळीला गेले की वाजतोय, भाजी चिरताना वाजतोय, ऑफिसात टेबलावर पालथा पडून थरथरतोय. पहिल्या महिन्यात दिवसाला दोन-तीन, पुढे पाच, या महिन्यात अकरा. प्रत्येक वेळी मी तेच वाक्य ऐकायची. फोन न उचलताच ऐकायची, तिच्याच आवाजात, शेवटी तो पाण्याचा प्रश्न जोडून. माफी मागायला करत असेल असंही कधीकधी मनात येई, पण माझ्या आईला मी ओळखते. माफीसाठी ती अकरा वेळा काय, एकदाही बोट उचलायची नाही.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. एकतीस वर्षं. खाण जोरात होती तेव्हा वसाहतीच्या एक्स्चेंजमध्ये तिचा बोर्ड होता, भोकंच भोकं असलेला, आणि ती कानाला यंत्र लावून, दोन्ही हातांनी दोऱ्या ओढून या भोकातली पिन त्या भोकात घालायची. मी शाळेतून सुटले की तिच्या खुर्चीमागे पोत्यावर बसून अभ्यास करायची. तिचे हात काय चालायचे! घरी ज्या हातांनी ती भांडी आपटायची, वेणी घालताना माझे केस मुळापासून ओढायची, तेच हात तिथे इतके हलके, की मला वाटे, मीही एखादी दोरी असते तर बरं झालं असतं. ती ऐकायची. सगळे ऑपरेटर ऐकतात, पण ती लक्षात ठेवायची. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि काय करपतंय हे तिला ठाऊक असे, आणि रस्त्याने चालताना माणसं तिला जरा जास्तच लवून नमस्कार करत. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा खाणीच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाशी माझं बोलणं सुरू होतं. बोलणं म्हणजे लग्नाचंच. तो रजेवर शहरात त्याच्या घरी गेला होता आणि मी किराणा दुकानातून त्याला फोन केला. बोर्डावर त्या वेळी दुसरी बाई असते म्हणून वेळ धरून केला. मी विचारलं, घरी सांगितलंस का? तो म्हणाला, सांगतो, ठीक आहे, सांगतो, आणि तेवढ्यात फोन मेला. रात्री जेवताना आईने ताटावरून नजर न काढता आमचं बोलणं शब्दनशब्द म्हणून दाखवलं, बाबा आणि दादा बसलेले असताना. पिन तिनेच काढली होती. मी ताट ढकललं. तेव्हा ती म्हणाली, तो ठीक आहे म्हणाला ना, तेव्हा मागच्या खोलीत एक बाई हसली. तुला ऐकू आलं नाही. मला आलं.

ते हसणं खरं होतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कारकुनाने परत फोन केला नाही, मीही नाही. पण गेली पंचवीस वर्षं कुठल्याही पुरुषाशी फोनवर बोलताना मी त्याच्या मागची खोली ऐकत असते. पंखा, भांडं, दार, कुणाचं खाकरणं. दोन जणांनी माझ्याशी लग्न करायचं म्हटलं. एकाच्या मागे रेडिओ बंद झाला, तो कुणी बंद केला म्हणून मी इतकी भांडले की तो पुढे फोन करेनासा झाला. रेडिओ त्याने स्वतःच बंद केला असेल. असो. आईने माझ्या कानात तो खिळा मारून ठेवला आणि स्वतः मजेत भात कालवत बसली, एवढंच सांगायचं होतं. आणि आता तीच आई माझ्यासमोर दोन चौकटींच्या मध्ये उभी होती.

खात्री करायची म्हणजे फोन लावायचा. मी ऑफिसच्या लँडलाइनवरून लावला, चार चाळीसला. हात स्थिर होता, याचं मला वाईट वाटलं. दुसऱ्या घंटेला तिने उचलला आणि आधी स्वतःचा नंबर म्हटला, एकेक आकडा सुटा करून, बोर्डावर म्हणायची तसा, आणि मग म्हणाली, "बोला." तिचा श्वास ऐकू येत होता. आत कुठेतरी घरघर होती, ही मला नवीन होती. तिने पुन्हा म्हटलं, बोला. मी तिची खोली ऐकू लागले, सवयीने. नळ गळत होता. लांब कुणी खोकत होतं, मोठ्याने, थांबत नव्हतं. मला बोलायचं होतं का? होतं. काय बोलायचं होतं ते जिभेवर येत नव्हतं. तू असं का म्हणालीस, इतकंच असावं. पण मी ते म्हटलं असतं तर तिने काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर मला ऐकायचं नव्हतं. मी फोन ठेवला. चौकटींत खूण करणं मात्र मी सकाळवर ढकललं, आणि मास्तरांना म्हटलं, उद्या बघू.

सकाळी साहेबांच्या खोलीत सहा माणसं होती. नकाशा भिंतीवर पाडला होता, मोठा, आणि मी हातात ती छोटी लाल उजेडाची कांडी घेऊन उभी होते. सगळं सुरळीत चाललं होतं. एकेक ठिपका विझत होता आणि साहेब मान डोलवत होते. खाणीच्या वसाहतीशी आल्यावर मास्तर पुढे झाले, न उचललेल्या फोनांची कल्पना त्यांनी समजावून सांगितली, चांगली सांगितली, आणि साहेबांनाही ती पटली. ते म्हणाले, मग ही राहू दे. आणि मग त्यांची नजर लाल रेघेवर गेली. ही कसली? मी सांगितलं, एका नंबरावरून एका नंबराला, तीनशे चौतीस, एकही उचललेला नाही. ते म्हणाले, ही काढली तर? मी ती रेघ पुसून दाखवली. ठिपका माझ्या घराजवळून निघाला आणि आपल्या कोपऱ्यात परत गेला, थोडासा हलला आणि थांबला. खोलीत कुणीतरी जांभई दिली.

साहेबांनी विचारलं, "खात्री केलीत?"

"केली."

"मग? माणूस की यंत्र?"

मला वाटलं होतं की मी थांबेन, माझा आवाज कापेल, निदान पाणी मागेन. तसलं काहीही झालं नाही. माणूस म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: कोण आहे, आणि असं काय आहे की दिवसाला अकरा वेळा लावते, आणि पलीकडचा तो नालायक कोण, उचलत का नाही? मग कुणीतरी ती रेघ उघडली असती आणि खालचा नंबर सगळ्यांनी वाचला असता. माझा नंबर या खोलीत प्रत्येकाकडे आहे. ही लाज खरी होती. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते मी इथे सांगून टाकते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार. मला पिन काढायची होती. एकदाच. "यंत्र," मी म्हटलं. मास्तरांनी विचारलं, कुणी उचललं नाही? उचललं, मी म्हटलं, नुसती घरघर येते, काहीतरी बिघडलेलं आहे. एकाने विचारलं की तिथे म्हातारी माणसं आहेत, आजारपणात काय करतील, तर दुसरा म्हणाला, खड्ड्यातून वर चढलं की मोबाइल लागतो, चढतील, तेवढाच व्यायाम. लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला. मी सगळ्यांसमोर चौकटीत खूण केली आणि पुढचा ठिपका घेतला.

त्यानंतर आईचे फोन आणखी तीन आठवडे येत राहिले. मग वसाहतीत नोटीस लागली आणि दुसऱ्याच दिवसापासून ते थांबले. अगदी तुटल्यासारखे थांबले. पहिल्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जेवले. दुसऱ्या दिवशी फोन उलटा ठेवायचा तो सुलटा ठेवला. आठवड्याने मी तो आंघोळीला नेऊ लागले. काही वाजत नव्हतं. टाक्यांची ओढ मात्र ठरलेल्या वेळांना बसायचीच, सकाळी सात, साडेनऊ, अकरा, जणू तिथे कुणी वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. त्यांनी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी मजल्याचं बटण दाबलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. मग परदेशातून दादाचा फोन आला. त्याला आईने रविवारी सांगितलं होतं. तो रागावला होता, म्हणजे तो रागावतो तसा, लांबून. तुमच्याच कंपनीचा निर्णय आणि तुला कळला नाही? फोन नाही, छाती तशी, तिथे ती एकटी कशी राहील? तू तिला तुझ्याकडे घेऊन ये. मी म्हटलं, आणते. मी म्हटलं, मीही तेच म्हणणार होते. आणि नवल म्हणजे, ते खरं होतं. सामानाची खोली मी रिकामी केली. गादी आणली, उशाला दिवा लावला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. ती माझ्या घरात बसून मला काय काय बोलेल याची मी भिंती पुसताना उजळणी करत होते, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती. समोरासमोर असेल तर बघून घेईन, असं वाटत होतं.

वसाहतीतले फोन परत घ्यायला ऑफिसची गाडी जाणार होती. प्रत्येक घरातून यंत्र घ्यायचं, पावती द्यायची, सही घ्यायची. मी त्या गाडीनेच गेले. लाइनमनने विचारलं, मॅडम, तुम्ही कशाला? मी म्हटलं, काम आहे. आठ वर्षांनी जात होते. खड्ड्याच्या तळाशी हिरवं पाणी साठलं होतं. घरांच्या पायऱ्या मला आठवत होत्या त्याहून अरुंद होत्या. लाइनमन वरच्या घरांकडे वळला आणि आईचं घर मी माझ्याकडे घेतलं, पावतीपुस्तक हातात धरून, कारण त्याने ते माझ्या हातात दिलं होतं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. आई ओट्यावर बसली होती. शेजारची एक बाई तिच्यासाठी भाजी निवडत होती आणि एक म्हातारा खाटेवर अर्धवट बसून खोकत होता; दोघंही मी गेल्यावर इथे राहायला आलेली, मला न ओळखणारी. तो खोकला मी फोनवर ऐकला होता. आई फार वाळली होती. तिने माझ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे, मग गळ्यातल्या पट्टीकडे, आणि ती काही बोलायच्या आत माझं तोंड उघडलं होतं, ‘आई’मधला आ तेवढा निघालाही असेल.

"ऑफिसातून आल्यात," ती शेजारणीला म्हणाली. "फोन घ्यायला."

शेजारणीने हात पदराला पुसले आणि मला नीट बघून घेतलं. ती वाईट बाई नव्हती. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ती म्हणाली, यांची मुलगी तुमच्याच ऑफिसात होती, ठाऊक आहे का? नकाशे काढायची. वारली. नोटीस लागली ना, आम्ही सगळे इथे आलो यांना विचारायला, तेव्हा यांनी सांगितलं, ती वारली, ऑपरेशनमध्ये. आम्ही किती दिवस यांच्या मागे लागलो होतो, पाहणीवाले येऊन गेले तेव्हापासून, की मुलीला सांगा, आमचा फोन काढू देऊ नको म्हणावं. रोज दहा-दहा वेळा लावायच्या बिचाऱ्या. आम्हाला काय माहीत, पलीकडे उचलायला माणूसच नाही ते. खाटेवरचा म्हातारा खोकताखोकता म्हणाला, ती असती तर हे होऊ दिलं नसतं तिने. आई खाली बघून निवडलेली भाजी पुन्हा निवडत होती. मी पावतीपुस्तक छातीशी धरलं होतं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तीनशे चौतीस वेळा मी जे वाक्य ऐकलं, ते तिने एकदाही म्हटलेलं नव्हतं. ती फक्त या खोकणाऱ्या माणसाबद्दल सांगणार होती. किंवा आधी ते सांगून मग दुसरंही काही म्हणाली असती. आता हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि तो मीच ठेवला नव्हता.

फोन आतल्या खोलीत, तिपाईवर होता. आई माझ्यामागे आली. मी हळूच म्हटलं, "आई, कपडे भर. गाडी वर उभी आहे. खोली तयार केलीय तुझ्यासाठी." ती वाकली, भिंतीतली पिन तिने स्वतःच काढली आणि वायर यंत्राभोवती गुंडाळू लागली, हलक्या हाताने, एकावर एक वेढा न चढवता. वायर संपली तेव्हा ती बोलली. आवाज बारीक होता, पण रागाचा नव्हता. मला राग चालला असता. "तुमच्या ऑफिसातून एकदा फोन आला होता. चार चाळीसला. बोललं नाही कुणी. एकतीस वर्षं हेच केलं मी, श्वासावरून माणूस ओळखते. म्हटलं, कळलं असेल, आता करेल काहीतरी. सगळ्यांना सांगून आले मी, दारोदार, काम झालं म्हणून. तरी लावत राहिले, खात्री करायला." मी तिचा हात धरायला गेले. तिने त्या हातात फोन दिला. आणि मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पावती द्या बाई. नंबर नीट लिहा."

मी पावती लिहिली. नंबर लिहिताना चुकले आणि खोडून पुन्हा लिहिला. तिने सही केली, ऑपरेटरच्या वहीत करायची तशी, पूर्ण नाव, अक्षरं सुटी. मी ओट्यावर आले तेव्हा शेजारीण उठून उभी राहिली होती, तिचा राग उतरला होता. तिने मला पाणी दिलं आणि मी ते प्याले. पायरीवरून मी एक पाऊल खाली टाकलं तेव्हा तिने मागून विचारलं, "बाई, एकाच ऑफिसात होतात म्हणून विचारते. तिला ओळखत होतात का तुम्ही? कशी होती हो?"

मी वळले. आई दारात उभी होती, चौकटीला धरून, आणि तीही माझ्याकडे बघत होती. म्हाताऱ्याचा खोकला थांबला होता. मी आता बोलले असते तर अजूनही चाललं असतं. दोन शब्दांचं काम होतं, आणि ती अडवणार नव्हती, एवढं मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"कामाला चांगली होती," मी म्हटलं.

"तेवढं खरं," आई म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.